मशीन बंद होतं

४ फेब्रुवारी

ताई,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून पत्ता टपालातल्या कारकुनाकडून लिहून घेतला. फसवून का होईना, उघडायला लावलं आहे. चार ओळी वाच आणि मग खुशाल फाड.

तीन वर्षांत मी तुला काही लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण काल कारखान्यात मला प्रशस्तिपत्र मिळालं आणि घरी येऊन मी ओकलो.

आमचा कारखाना तुला ठाऊक आहे. शहराने चाटूनपुसून फेकलेलं प्लास्टिक आमच्याकडे येतं. आंबलेल्या दुधाच्या पिशव्या, तेलाचे डबे, औषधाच्या बाटल्या, कुणाच्या घरचं काय काय. ते धुवायचं, ग्राइंडरमध्ये घालून तुकडे करायचे आणि वितळवायचं. वास अंगात इतका मुरलाय की मला स्वतःला येत नाही. बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहिला की कळतं.

काल सगळ्यांना फाटकापाशी उभं केलं. भिंतीवर नवा फलक लावला आहे : ‘अपघाताविना एक हजार दिवस’. हजार दिवस मोजायला कुठून सुरुवात केली माहीत आहे? दाजींचा हात गेला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मॅनेजरने भाषण केलं. त्याला आम्ही हसऱ्या म्हणतो, कारण तो कुणाला कामावरून काढतानाही हसतो. म्हणाला, “आपल्या इलेक्ट्रिशियनमुळे आपली मशिनं कधी थांबत नाहीत.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसून मान तुकवली. त्या मान तुकवण्याची मला अजून शिसारी येतेय.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला म्हणालीस, “तुझ्या सहीने माझा नवरा खोटा पडला. परत तोंड दाखवू नकोस.” मी काय लिहून दिलं होतं? ‘ग्राइंडरचा ओव्हरलोड रिले तपासला, तो ठीक होता.’ यातला शब्दन् शब्द खरा आहे. रिले ठीकच होता. आणि दाजींनी मशीनमध्ये हात घातला, हेही खरंच आहे. मी त्यांचा हात धरून आत घातला नव्हता.

एवढंच सांगायचं होतं.

तुझा भाऊ

९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहितोय, कारण शेवटचं वाक्य लिहिल्यापासून घास गिळवत नाही. ‘मी त्यांचा हात धरून आत घातला नव्हता.’ असलं वाक्य वकिलाच्या तोंडी शोभतं. सख्ख्या बहिणीला लिहिणाऱ्याचं तोंड फोडायला हवं.

तुला एक गोष्ट समजावून सांगतो. कंटाळू नकोस. याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तुझं शिलाईचं मशीन मोटरवर चालतं. जाड कापडाच्या चार घड्या एकदम सुईखाली आल्या की काय होतं? चाक अडतं. तुझा पाय पॅडलवर तसाच असतो आणि मोटर फिरत नाही, नुसती घुमते. पाय काढला नाहीस तर जळका वास येतो. बरोबर?

लोकांना वाटतं, मोटर जोरात फिरते तेव्हा जास्त वीज खाते. ते उलट आहे. मोटर आपल्या वेगात असते तेव्हा ती फिरण्यानेच विजेला थोपवून धरते, पाहिजे तेवढीच घेते. ओझं वाढलं की वेग उतरतो, आणि वेग उतरला की करंट चढतो. अगदी अडली, जागच्या जागी थांबली, तर सहापट ओढते. आमच्या ग्राइंडरची मोटर चालताना बावीस अँपियर घेते. अडली की सव्वाशेच्या वर. तेवढ्याने तिच्या आतली तार मिनिटभरात भाजून निघते.

त्यासाठी तो रिले असतो. हाताच्या तळव्याएवढी डबी. सुरू होतानाही मोटर क्षणभर सहापट ओढते, म्हणून तो लगेच उडत नाही, जरा धीर धरतो. पण आठ-दहा सेकंद झाले तरी करंट उतरत नाही म्हटल्यावर तो खट्कन पडतो आणि मोटरची वीज तुटते. तो मोटर वाचवण्यासाठी बसवलेला असतो, माणूस वाचवण्यासाठी नाही. पण ग्राइंडरवरचे लोक त्यावरच जगत. पाती अडली, मशीन थांबलं, खट् झालं, म्हणजे मशीन मेलं. मग वर चढायचं, झाकण उचलायचं, अडकलेलं ओढून काढायचं आणि मला हाक मारायची. झाकण उघडताच वीज तोडणारं स्विच त्या जुन्या मशीनला नव्हतंच. हे दिवसातून एकदोनदा व्हायचं. दाजी सहा वर्षं असंच करत आले होते.

कालची बातमी ऐक. ग्राइंडरची मोटर गेल्या महिन्यात जळली. नवी बसवली, रिलेही नवा बसवला. पाती मात्र तीच, बोथट. पात्यांना धार लावायची तर मशीन दोन दिवस बंद ठेवावं लागतं, आणि मालकाला बंद मशीन बघवत नाही. बोथट पाती म्हणजे ओझं जास्त. मोटर रखडते, करंट चढतो, रिले पडतो. काल अकरा वेळा पडला.

हसऱ्याने मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. बशीत सांडलेला चहा त्याने स्वतः फडक्याने पुसला, इतका सभ्य माणूस.

“काय चाललंय? रिले सारखा पडतोय.”

“पाती बदला. रिलेचा दोष नाही.”

“पाती बदलू हो. पुढच्या महिन्यात बघू.” मग हसला. “तोवर मागच्यासारखं औषध द्या त्याला.”

मागच्यासारखं. ताई, तो ‘मागच्यासारखं’ म्हणाला, आणि मी त्याचा चहा प्यायलो. पूर्ण कप.

उरलेलं लिहायला आज हिंमत नाही.

तुझा भाऊ

१२ फेब्रुवारी

ताई,

आता लिहितो. मध्येच थांबलो तर परत बसणार नाही.

तीन वर्षांपूर्वीही पाती बोथटच होती. रिले दिवसातून पंधरा-पंधरा वेळा पडायचा आणि प्रत्येक वेळी मला वर्कशॉपच्या त्या टोकापासून धावावं लागायचं. हसऱ्या म्हणाला, “रिलेला काहीतरी औषध द्या.” किती करंटला पडायचं हे ठरवणारी चकती त्याच्यावर असते, ती मी आधी बावीसवरून अठ्ठावीसवर फिरवली. आठवडाभर बरं चाललं. मग परत पडायला लागला. तेव्हा मी वीतभर तार घेतली आणि रिलेच्या ज्या दोन स्क्रूंमधून मोटर बंद करण्याचा निरोप जातो, त्यांना ती आडवी जोडून टाकली. रिले पडला तरी निरोप पोचत नाही आणि मोटर चालूच राहते. वरचे फ्यूज तर मी आधीच मोठे घालून ठेवले होते, सुरुवातीच्या धक्क्याला उडतात म्हणून.

म्हणजे रिले ठीकच होता. मी खोटं लिहिलं नव्हतं. मी फक्त त्याचं तोंड बांधलं होतं.

हे मी ग्राइंडरवरच्या एकालाही सांगितलं नाही. दाजींनासुद्धा नाही. त्याच आठवड्यात रविवारी तुमच्याकडे जेवलो होतो. दाजी म्हणाले, “काय रे, आता मशीन पडत नाही, जादू केलीस का?” मी म्हणालो, “हो, जादू.” आणि आपण तिघंही हसलो होतो. तुला आठवत असेल.

त्या जेवणानंतर चौथ्या दिवशी जुनं मासेमारीचं जाळं पात्यांत अडकलं. पाती थांबली. शेजारी धुण्याची दोन मशिनं धडधडत होती. त्या गोंगाटात अडलेल्या मोटरची घुमघुम काय ऐकू येणार, अन् खट् झालं की नाही तेही कोण ऐकणार? दाजींनी पाहिलं, मशीन थांबलंय. सहा वर्षांत थांबलेलं मशीन प्रत्येक वेळी बंदच निघालं होतं. ते वर चढले, झाकण उचललं आणि जाळं ओढलं. आत मोटर सहापट करंट ओढत अडून बसली होती. जाळं सुटलं आणि पाती फिरली.

आता त्याहून घाण गोष्ट.

तू विचारलं होतंस, “तू हॉस्पिटलला तासभर उशिरा का आलास?” मी म्हणालो, मेन स्विच पाडायला थांबलो होतो. मेन स्विच पाडायला एक सेकंद लागतो, ताई. लोक दाजींना उचलून गाडीकडे नेत होते, आणि मी स्टार्टरची पेटी उघडून ती तार काढत होतो. आधी तार काढली, चकती बावीसवर आणली, झाकणाचे चारही स्क्रू नीट आवळले. एवढं सफाईदार काम मी आयुष्यात केलं नसेल. तार संडासात टाकली आणि पाणी सोडलं. मग हात साबणाने धुतले आणि हॉस्पिटलला आलो. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. मला साबणाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी तपासणीला सरकारी साहेब आले. रिले तपासला, अगदी नमुनेदार. दाजी खाटेवरून एकच सांगत होते : “मशीन बंद होतं. बंद मशीनमध्ये मी हात घातला.” साहेबांनी मला विचारलं, “मशीन बंद असतं तर हात कापला असता का?” मी म्हणालो, “नाही साहेब.” बस. अहवालात आलं, ‘कामगाराने चालू मशीनमध्ये हात घातला.’ आणि सोबत रिले ठीक असल्याचा माझा जबाब, खाली माझी सही.

हसऱ्याला सगळं माहीत होतं. त्याने मला कधी धमकावलंही नाही. गरजच पडली नाही. मी स्वतःहून, विनासायास, हे सगळं केलं. मला मालकाची किळस येते, हसऱ्याची येते, त्या फलकाची येते. पण सकाळी दाढी करताना आरशात जे दिसतं त्यापुढे ते सगळे सोवळे वाटतात.

परवा मी तार जोडली नाही. हसऱ्याला सांगितलं, जोडणार नाही. तो हसला आणि म्हणाला, “बरं, दुसरा कुणी जोडेल.” ग्राइंडरवर आता एक बाई असते, तुझ्या वयाची. मशीन थांबलं की ती लगेच वर चढून झाकण उचलते. कोपरापर्यंत हात आत.

तुझा भाऊ

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ : ‘हे त्यांना तू तोंडाने सांग. पत्रात नको.’ खाली सही नाही की आशीर्वाद नाही. ठीकच आहे.

काल दुपारी तुमच्या घरी गेलो. तू गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेली होतीस. मुद्दाम गेलीस की योगायोग, ते तुझं तुला माहीत. काय झालं ते दाजी तुला सांगतील असं वाटत नाही, म्हणून मी सांगतो.

ते तू शिवलेल्या कपड्यांना इस्त्री करत होते, डाव्या हाताने. उजव्या मनगटाच्या टोकाने कापड दाबून धरायचं आणि डाव्याने इस्त्री फिरवायची. मला बघून त्यांनी इस्त्री उभी केली.

मी उभ्या उभ्या सांगितलं. तार, चकती, पेटीचे चार स्क्रू, संडास, सगळं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं, नालीकडून जाताना फिरवतात तसं.

मग म्हणाले, “परत सांग. मोटर कशी चालू होती ते.”

मी परत सांगितलं. पाती थांबली होती, पण मोटरला वीज जातच होती.

“म्हणजे मशीन थांबलेलं होतं.”

“हो.”

“मी पाहिलं तेव्हा पाती हलत नव्हती.”

“नव्हती, दाजी.”

“किती वेळ?”

“वीसेक सेकंद असतील.”

ते खाली बसले. मग म्हणाले, “म्हणजे मी वेडा नव्हतो.”



“तीन वर्षं,” ते म्हणाले, “तीन वर्षं मी डोळे मिटतो आणि ते मशीन बघतो. मला ते बंद दिसतं. सगळे म्हणतात चालू होतं. हात नाही म्हणजे चालूच होतं. मग मला वाटायला लागलं, माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय. मी चालू मशीनला बंद म्हणणारा माणूस आहे. तुझी ताई रोज गॅस बंद आहे का ते माझ्यानंतर बघून येते, माहीत आहे तुला? मीच सांगितलंय तिला. माझा माझ्यावर भरवसा नाही म्हणून.”

ताई, हात गेला त्याची मी मनाशी कबुली देत होतो. ह्याची मला कल्पनाच नव्हती. माणसाच्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वास मी त्या संडासात सोडून दिला होता.

मी वाकून त्यांचे पाय धरायला गेलो. त्यांनी पाय मागे घेतले.

“शिवू नकोस. मला किळस येते तुझी,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “माफी तुझ्याजवळच ठेव. हे सगळं साहेबांना लिहून दे. सही कर. सही छान करतोस तू.”

उद्या देतोय.

तुझा भाऊ

२६ मार्च

ताई,

कागद दिल्यापासून महिना गेला. कारखान्यात काय चाललं ते तुला ऐकायला मिळालंच असेल. मला दुसऱ्याच दिवशी फाटकावर अडवलं. हसऱ्या बाहेर आला, माझा डबा आणि पक्कड माझ्या हातात दिली आणि या वेळीही हसला. ज्यांच्याबरोबर अठरा वर्षं काम केलं त्यातले निम्मे म्हणतात, मी फितूर आहे. उरलेले म्हणतात, तीन वर्षांनी का सुचलं? दुसऱ्यांचं म्हणणं खरं आहे.

माझं लायसन्स जमा करून घेतलंय. खटला होईल. वकील म्हणतो, मॅनेजरच्या सांगण्यावरून केलं असं ठासून सांगा. मी म्हटलं, सांगेन, पण तार माझ्या हाताने जोडली हे आधी सांगेन. त्याने कपाळावर हात मारला.

काल साहेबांच्या ऑफिसात दाजींना आणि मला एकदमच बोलावलं होतं. या खेपेला साहेब दुसरे होते, तरुण, सर्दी झालेले. कारकुनाने नवा अहवाल वाचला. त्यात पात्यांचं आलं, रिलेचं आलं, तारेचं आलं. मग वाक्य आलं : ‘मशीन थांबलेल्या अवस्थेत होते. कामगाराची चूक आढळत नाही.’

दाजी म्हणाले, “परत वाचा.”

कारकुनाने परत वाचलं.

“अजून एकदा.”

कारकून वैतागला. त्याने तो कागद त्यांच्याकडे सरकवला. “प्रत तुमचीच आहे, घरी जाऊन हव्या तितक्या वेळा वाचा.” दाजींनी तो डाव्या हातात धरला आणि ओठ हलवत स्वतः वाचला.

बाहेर आल्यावर मी आपला दहा पावलं मागे राहिलो. ते जिन्याखाली थांबले होते. माझ्यासाठी थांबलेत हे कळायला मला वेळ लागला.

“त्या मशीनवर आता कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“एक बाई आहे.”

“रिले नीट आहे?”

“साहेबांनी बघितला म्हणतात. सील लावलंय.”

“तू बघितलास?”

“मला आत सोडत नाहीत.”

“मागच्या वेळीही साहेबांनी बघितला होता.” एवढं बोलून ते चालू लागले. घराकडे नाही, कारखान्याकडे. मी मागोमाग गेलो.

पाळी सुटायची वेळ होती. फाटकातून लोक बाहेर पडत होते. दाजींना ओळखून दोघांनी मान खाली घातली. मी बाई दाखवली आणि रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिलो. दाजी तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. ती दचकली. तिची नजर मनगटावर गेली.

“ग्राइंडरवर तुम्ही असता ना?”

“हो.”

“माझ्याबद्दल काय सांगितलंय तुम्हाला?”

“चालू मशीनमध्ये हात घातला म्हणून.”

“ते विसरा. मशीन थांबलं होतं. थांबलं होतं, पण मेलं नव्हतं. दोन्ही एकसारखंच दिसतं.” मग त्यांनी शिकवायला बसल्यासारखं तिला सांगितलं : पाती थांबली की आधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या कनवटीला, मग झाकण. कुणी घाई केली तर त्याला म्हणायचं, तू घाल हात. रिलेवर विसंबायचं नाही, खट् ऐकलं तरी नाही. इलेक्ट्रिशियनवर तर मुळीच नाही.

“कुलूप कुठून आणू?” तिने विचारलं.

दाजींनी खिशात हात घातला. नवं कुलूप होतं, कागदात गुंडाळलेलं. सकाळीच घेऊन ठेवलं असणार. अहवालात काय येणार ते माहीत नसताना.

ती किल्ली लावून, काढून, पुन्हा लावून बघत होती, आणि दाजी तिला मनगटाने दाखवत होते, कडी कुठून घालायची ते. कारखान्यातले आणखी चार-पाच जण भोवती येऊन उभे राहिले. त्यांनाही त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. मला त्यांनी जवळ बोलावलं नाही. मीही गेलो नाही.

तुझा भाऊ